श्रीयुत रानडुक्कर यांस, मुक्काम घाणेरीचं रान

श्रीयुत रानडुक्कर,
मुक्काम घाणेरीचं रान, पडीक खाचराच्या वरच्या अंगास,
तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड



पत्रास कारण की, परवा रात्री आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन आमचं कुरण नांगरून गेलात. काम चोख आहे. ढेकळं मोठी निघाली आहेत, एकही कोपरा सुटलेला नाही, आणि बैलजोडीला जे दोन दिवसांत झालं नसतं ते आपण चंद्र मावळायच्या आत उरकलंत. मजुरी मागितली नाहीत, चहालाही थांबला नाहीत. एवढंच कळवायचं राहिलं की ती जागा नांगरायची नव्हती.

तिथे गवत राखलं होतं. भात कापून झालं की ते कापायचं, वाळवायचं, उडवी रचायची आणि गुरांना पाऊस पडेपर्यंत पुरवायचं, असा आमचा जुना बेत असतो. आपल्याला गवतात काही रस नाही हे मला ठाऊक आहे. आपला जीव गवताखालच्या गांडुळांत आणि हुमणीत. आपली बाजू मांडणारे शहरातले काही सज्जन मला समजावतात की डुक्कर हुमणी खातं, म्हणजे ते शेतकऱ्याचं मित्रच. मित्र खरेच. बोटाएवढ्या अळीसाठी हातभर गवत मुळासकट उलटं करून ठेवणारे मित्र नशिबानेच लाभतात. उलटलेलं गवत उन्हात वाळतं, मोकळी झालेली माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते, आणि त्या जागी पुढच्या वर्षी गवत येत नाही, रानमोडी येते. तिच्यामागून घाणेरी. आणि घाणेरीच्या जाळीत दिवसा कोण झोपतं, हे या पत्रावरच्या पत्त्यात आलंच आहे. म्हणजे आमचं कुरण खणताना आपण स्वतःच्या घराचा पायाच खणत असता. इतकी दूरदृष्टी आमच्या पंचायतीत कुणाकडे नाही.

आपल्या नाकाविषयी मला मनापासून आदर आहे. त्या नाकाच्या शेंड्याला आत एक स्वतंत्र हाड असतं, वर कूर्चेची चकती, मागे मानेचे ते दांडगे स्नायू, आणि या सगळ्याला जोड म्हणून वितभर मातीखालचा कंद हुंगून काढणारा वास. फ्रान्समध्ये याच नाकाच्या जोरावर आपल्या माणसाळलेल्या बहिणी जमिनीतली महागडी अळंबी शोधून देत असत. इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्टमध्ये आजही शरद ऋतूत गावकऱ्यांची डुकरं रानात सोडतात. ओकची पडलेली फळं घोड्यांना आणि गुरांना बाधतात, ती डुकरांनी खाऊन टाकावीत म्हणून. पण सोडताना अट अशी की प्रत्येकाच्या नाकात कडी हवी. कडी असली की उकरताना नाक दुखतं आणि चराई शाबूत राहते. वाचून मी हरखलो. आमच्याकडे बैलाला वेसण असतेच, आपल्यालाही घालू म्हटलं. घरात विषय काढला तर सगळ्यांनी एकच विचारलं, घालायला कोण जाणार?

आपलं घराणं मोठं. आपल्या एका पूर्वजाने अख्खी पृथ्वी सुळ्यांवर उचलून पाण्याबाहेर काढली. बदामीच्या चालुक्यांनी आपल्याला राजमुद्रेवर बसवलं, बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, 578 सालच्या, आपण आजही दिमाखात उभे आहात. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याला लोक वराह म्हणत. ज्याच्या नावाचं नाणं चालायचं त्याला आमच्या चार गुंठ्यांतल्या कणगीच्या कंदांचा मोह पडावा याचं वाईट वाटतं. पूर्वजांनी जमीन वर काढली, आपण ती खाली-वर करता. घराण्याचा धंदा टिकला आहे.

त्याच कर्नाटकात आपल्या विरोधकाचंही एक स्मारक आहे, ते आपल्याला कुणी सांगितलं नसेल. मंड्या जिल्ह्यात आतकूर गावी दहाव्या शतकाच्या मध्यावर, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, एका कुत्र्याच्या नावाने वीरगळ उभा केला गेला. ते कुत्रं एका दांडग्या रानडुकराशी झुंजलं आणि दोघंही मेले. शिलालेखात त्या कुत्र्याचं नाव कोरलेलं आहे: काळी. आमच्या तालुक्यातून जी नदी वाहते तिचंही नाव काळीच, पण तो योगायोग. त्या काळी डुकराशी झुंजणाऱ्या कुत्र्याला दगड मिळत होता, पूजेला पुजारी मिळत होता. आता आमच्या कुत्र्याला रात्री अंगणात बांधायची सोय नाही, बिबट्या उचलतो. तेव्हा आमचा काळी दाराच्या आतून भुंकतो, आपण बाहेर चरता, आणि दोघंही आपापल्या नोकरीत सुखी आहात.

आता मुद्द्यावर येतो. या तालुक्यात राहण्याचा निर्विवाद हक्क कुणाला आहे, असा विचार करत मी अलीकडे बऱ्याच रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून काढतो, आणि दर वेळी आपलंच नाव निघतं.

आमचंच बघा. इथले कुणबी डोंगरउतारावर कुमरी करत. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत नाचणी पेरायची, काही वर्षांनी पुढे सरकायचं. इंग्रजांना सागवान दिसलं, त्यांनी कुमरी बंद करत आणली. मग काळी नदीवर सुपा धरण आलं. सत्तरच्या दशकात काम सुरू झालं, ऐंशीच्या दशकात पाणी चढलं. तालुक्याचं गाव सुपा पाण्याखाली गेलं, माणसं रामनगरला नेऊन वसवली. त्याच्या कितीतरी आधी, 1956 मध्ये, दांडेलीचं अभयारण्य झालं होतं. 1987 मध्ये अणशीचं राष्ट्रीय उद्यान, 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, 2015 मध्ये त्याला नदीचं नाव. प्रत्येक वेळी नकाशावर नवी रेघ आली, आणि प्रत्येक रेघेला आम्ही कुठल्या बाजूला आहोत ते अर्ज करून विचारावं लागलं. आपल्याला एकाही रेघेने काही विचारलं नाही. आपण सगळ्या रेघा तुडवत गोव्याच्या हद्दीत जाता आणि पहाटे परत येता.

2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा वाटलं, आता सुटलो. पण जो अनुसूचित जमातीत नाही त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास सिद्ध करायचा. गोव्यातल्या कुणब्यांना 2003 मध्ये जमातीचा दर्जा मिळाला. डोंगराच्या अलीकडचे त्यांचे सोयरे अजून मागतच आहेत. म्हणजे पणजोबा याच जाळीत डुक्कर हाकत होते, हे कागदावर दाखवायचं. पणजोबांचा कागद नाही. डुकराचा आहे, वनखात्याच्या जुन्या नोंदींत आपली जात ठळक लिहिलेली आहे. पुरावा द्यायला आपल्यालाच साक्षीला बोलवावं, असंही मनात येऊन गेलं. आपल्या घराण्याने आमच्या घराण्याची नाचणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली आहे, याहून भक्कम पुरावा कुठला?

प्रकल्पाच्या आत राहणाऱ्या ज्यांना बाहेर पडायचं आहे त्यांना राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या दराने कुटुंबामागे 15 लाख रुपये मिळतात. 2021 पर्यंत ते 10 लाख होते. माणूस हलवायला सरकारने भाव ठरवला. आपल्याला हलवायचा भाव कुणी काढलेला नाही, कारण आपण हलणार नाही हे सरकारला पक्कं माहीत आहे.

आणि बढतीचं अभिनंदन! 1972 च्या वन्यजीव कायद्यात आपण इतकी वर्षं तिसऱ्या परिशिष्टात होता. 2022 च्या दुरुस्तीने परिशिष्टं कमी झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून आपण दुसऱ्या परिशिष्टात बसलात. नेमक्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला. मी त्यात काही सुचवत नाही. अर्थात दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका ठरला तर वरचे अधिकारी कारण लिहून त्याला मारायचा हुकूम देऊ शकतात, हेही कलम 11 मध्ये आहे. 2015 आणि 2016 मध्ये बिहार आणि उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत केंद्राने आपल्या भाऊबंदांना काही काळापुरतं सरळ उपद्रवी ठरवलं होतं. केरळने 2022 मध्ये तो हुकूम द्यायचे अधिकार पंचायतीच्या आणि पालिकेच्या प्रमुखांकडे सोपवले. तेव्हा फिरायला दक्षिणेला जायचा विचार असेल तर पुन्हा करा. तिकडे आपल्या मरणाच्या कागदावर सही करणारा माणूस शेजारच्याच गल्लीत राहतो. इकडे तो सही करणारा शोधायला निघालो तर भात पेरल्यापासून कापेपर्यंतचा काळ जातो, आणि तोवर सही कशासाठी हवी होती तेच शेतात उरत नाही.

बंदुकीचंही तेच. या जिल्ह्यात पीकरक्षणाच्या परवान्याची बंदूक काही घरांत आहे. आपल्यावर ती झाडायची नसते, हवेत बार काढायचा असतो, म्हणजे आपण दचकून शेजाऱ्याच्या शेतात जाता. पण निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. 2024 मध्ये आचारसंहिता 16 मार्चला लागली, आमच्याकडे मतदान 7 मेला झालं, संहिता उठली 6 जूनला. तेवढ्या काळात केळीचे कांदे आणि पोफळीची नवी रोपं आपण निर्भय, मुक्त आणि न्याय्य वातावरणात उपटलीत. लोकशाहीचा खरा लाभ कुणाला होतो यावर लोक उगीच वाद घालतात.

आपल्या चवीला मात्र दाद दिलीच पाहिजे. दर जानेवारीत जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. कुणबी बायका डोक्यावरून टोपल्या आणतात, कणगी, करांदे, कोनाचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार आणि मुडली, ती आमची मुडली, जी एकेक गड्डा मनगटाएवढी होते आणि शिजली की लोण्यासारखी लागते. बेंगळुरूहून माणसं येतात, फोटो काढतात, बियाणं मागतात, भाषणं होतात. आपण त्या मेळ्याला कधी येत नाही, कारण आपला मेळा आधीच डिसेंबरात आमच्या परड्यात होऊन गेलेला असतो. मे-जूनमध्ये लावलेला कंद सहा-सात महिने मातीखाली भरत असतो. वर वेल हिरवा दिसतो, आम्ही खूश. मग एका रात्री आपण येता. सकाळी वेल जागच्या जागी असतो, वाळत चाललेला, आणि खाली नुसता खड्डा. कोन किती भरला होता, मुडली किती निघाली असती, हे फक्त आपल्याला कळतं. भरपाईच्या अर्जात नुकसान किती ते लिहायचं असतं. भाताचं ठीक, लोळवलेलं भात मोजता येतं. जमिनीखाली काय होतं याचा पुरावा आपण खाल्लेला असतो.

अर्जाचं नाव निघालं म्हणून सांगतो. कर्नाटकात वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीला भरपाई मिळते, त्यासाठी ई-परिहार नावाची सोयही आहे. अर्ज, फोटो, आधार, पासबुक आणि जमिनीचा उतारा. उतारा हे आपल्याला माहीत नसलेलं संकट आहे. इथे कितीतरी घरांची जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, चुलत्यांत वाटली गेली नाही, किंवा पिढ्यान्‌पिढ्या कसलेली असूनही कागदावर जंगल आहे. जंगलात डुकराने धान्य खाल्लं तर त्याला नुकसान म्हणत नाहीत, त्याला निसर्ग म्हणतात.

आम्ही आमच्या परीने प्रयत्न केले, आपण ते पाहिलेच आहेत. जुन्या साड्यांचं कुंपण केलं. घरातल्या, आजूबाजूच्या, लग्नातल्या, सगळ्या रंगांच्या साड्या खाचराभोवती ताणल्या. आपण दोन रात्री बिचकलात, तिसऱ्या रात्री काठ उचलून आत आलात. सलूनमधून केस आणून बांधावर पसरले. नाकात गेले की डुक्कर बेजार होतं म्हणतात. पण कॅसलरॉकच्या अंगाने येणारा पाऊस केस बांधावर ठेवत नाही. सडक्या अंड्यांचं पाणी फवारलं, त्याचा वास पहिली सर येईपर्यंत राहिला आणि तोही मुख्यतः आमच्या नाकात. चर खणला, गाळाने भरला. जाळी लावली, आपण खालून उकरून आलात, कारण तिचं बूड हातभर गाडायचं असतं आणि जांभ्यात हातभर गाडायला जे पैसे लागतात ते असते तर शेती कशाला केली असती?

सोलरच्या तारेचं मात्र खरं सांगतो, ती चालते. अट एक, आपली उंची पाहून सगळ्यांत खालची तार जमिनीपासून वीतभरावरच हवी. आणि वीतभरावर तार म्हटली की आषाढात गवत तिला टेकतं, ओलं गवत करंट जमिनीत नेतं, बॅटरी रात्री बाराला संपते आणि आपण साडेबाराला येता. तारेखालचं गवत रोज कापायला एक माणूस हवा. तो माणूस असता तर तार घेतलीच नसती.

काही जण याहून सोपा मार्ग धरतात. थेट खांबावरचा करंट तारेत सोडतात, किंवा पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात. त्यावर मला विनोद करता येत नाही. त्या तारेला रात्री आधी शेजाऱ्याचा पाय लागतो, तो गोळा आधी गाय तोंडात घेते, आणि तारेच्या फासात आपल्याऐवजी वाघ सापडतो. आपल्याला मात्र कुठे काय पेरलंय ते वासाने कळत असावं.

वाघाचं तर बोलायलाच हवं. वनखात्याच्या हिशेबात आपण वाघाचं अन्न. सांबर, गवा, चितळ आणि आपण, एवढ्यांवर काळी प्रकल्पातला वाघ जगतो. आपल्याला वाचवायचं ते त्याच्या पानात वाढायला. हे ऐकून पहिल्यांदा मी आपल्याबद्दल हळहळलो. पण आपण हुशार. वाघ माणसाला टाळतो, हे आपण ताडलंत आणि संसार माणसाच्या कडेला मांडलात. पुढून भात, मागून घाणेरी, आणि राखणीला रात्रभर डबे वाजवणारे आम्ही. आम्ही डबा वाजवतो आपल्याला घालवायला, आणि त्याला घाबरून दूर राहतो वाघ! सरकारी पाहुण्याला फुकटचं संरक्षण देणारी खासगी एजन्सी म्हणून आमची नोंदणी करून घ्यावी, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे.

पण हे सगळं पूर्वीही होतंच की. जंगल होतं, डुकरं होती, बंदूक दहा घरांत एक होती. मग तेव्हा कणगी घरात कशी येत होती? म्हाताऱ्यांना विचारलं तर ते कुठल्याही औषधाचं नाव घेत नाहीत. ते राखण सांगतात. खोऱ्यात जितकी खाचरं तितके माळे. या टोकाला एकाने हाक दिली की पलीकडून कुणीतरी ओ द्यायचं, मग त्याच्या पलीकडून, असा आवाज खोरं ओलांडून जायचा आणि परत यायचा. कुणी ढोल घेई, कुणी रात्रभर भांडण उकरून काढी, जुनी येणी-देणी त्या माळ्यांवरून ओरडून मिटत. मुलं शेकोटीत करांदे भाजत. एक माळा झोपला तर शेजारचा जागा असे. अख्ख्या रानात डुकराला अशी जागा उरतच नव्हती जिच्या चारी बाजूंना माणूस नाही.

आता त्या रांगेतले दात पडले आहेत. पोरगा फोंड्याला कारखान्यात, पोरगी बेळगावला, पुतण्या मडगावच्या हॉटेलात. त्यांचं काही चुकलं नाही. भाताच्या भावात कोण थांबेल? एक खाचर पडीक राहतं. तिसऱ्या वर्षी त्यात घाणेरी डोक्याएवढी होते. चौथ्या वर्षी आपण राहायला येता. मग त्याच्या शेजारचा माणूस, जो अजून कसत होता, तो एकटा माळ्यावर बसून हाक देतो आणि पलीकडून ओ येत नाही. दोन वर्षं तो बसतो. मग तोही खाचर सोडतो, आणि आपली हद्द एका बांधाने पुढे सरकते. हे मी माझ्या खोऱ्यात पाहिलं आहे. उत्तरेला हल्याळकडे उसाचे मळे झाले, तिकडे आपल्याला घाणेरीचीही गरज नाही, दिवसा उसात झोपता, रात्री जेवायला उठता. साड्या, केस, अंडी, करंट यांनी आपण हटत नाही, हे आता मला कळलं आहे. आपण हटत होता ते दुसऱ्या माळ्यावरच्या ओने, आणि तिची सबसिडी कुठल्याच योजनेत नाही.

आपण आमच्यापाठोपाठ येत नाही, आम्ही निघालो की आपण येता. तेव्हा सगळा दोष आपल्या नाकाला देणं बरोबर नाही. थोडा दोष त्या योजनांनाही द्यावा लागेल ज्यांनी जंगलात सागाच्या सरळ रांगा लावल्या, खाली खायला काही उगवणार नाही अशा. थोडा दोष त्या कागदाच्या गिरणीलाही, जिने दांडेलीला वर्षानुवर्षं इथला बांबू दळला. पण हे दोषी कंपन्या आहेत, खाती आहेत. त्यांना पत्र पाठवलं तर उत्तर येतं की आपलं पत्र मिळालं, योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आलं आहे. आपण निदान समक्ष भेटता.

बर्लिनमधल्या आपल्या एका भगिनीची बातमी वाचली असेल. 2020 च्या ऑगस्टमध्ये ती तिथल्या एका तळ्याकाठी पिलांना घेऊन आली आणि ऊन खात पडलेल्या एका माणसाची पिवळी पिशवी घेऊन पळाली. पिशवीत लॅपटॉप होता. तो माणूस, जसा होता तसा, म्हणजे अंगावर काहीही नसताना, तिच्यामागे धावला. फोटो जगभर फिरला, लोक पोट धरून हसले, पिशवी परत मिळाली. माझंही पोट दुखेपर्यंत हसून झालं. मग लक्षात आलं की मीही अशा किती रात्री पंचा सावरत, काठी घेऊन आपल्यामागे चिखलातून धावलो आहे. माझा फोटो कुणी काढला नाही, आणि मुडली परत मिळाली नाही.

आपला वंश वाढो, असं म्हणायची गरज नाही. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस, एवढ्यात घरात पाच-सहा पट्ट्यापट्ट्यांची बाळं येतात, आणि त्या गोंडस पट्ट्या पाहून मलाही काठी खाली ठेवावीशी वाटते. पुढच्या हंगामात तीच बाळं बांध फोडून खाचरातलं पाणी सोडून देतात, कारण बांधाच्या ओल्या मातीत गांडुळं जास्त असतात. बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं ओढ्यात, आणि भर आषाढात लावणीचं खाचर कोरडं. तेवढं फक्त बाळांना शिकवावं ही विनंती. भात खा, कंद खा, बांध सोडा.

आणखी एक विनंती आहे आणि ती तातडीची आहे. केंद्राने जाहीर केलं आहे की 2026 च्या खरिपापासून पीक विम्यात वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही धरता येईल. कुठले प्राणी आणि कुठले भाग ते राज्याने जाहीर करायचं. आपलं नाव यादीत वर असेल याविषयी मला शंका नाही. नुकसान झालं की 72 तासांच्या आत अ‍ॅपवर जागेच्या खुणेसह फोटो टाकायचा आहे. तेव्हा आपण यायच्या आदल्या दिवशी कृपया कळवावं, म्हणजे मी फोन चार्ज करून ठेवीन. जेवताना चेहरा दिसेल असं तोंड वर करावं, शक्य असल्यास मागे बांधावरचा सर्व्हे नंबरचा दगड येऊ द्यावा. आणि जेवण उरकलं की मला थोडा वेळ द्यावा. आमच्या शेतात नेटवर्क नाही, फोटो चढवायला गणेशगुडीच्या बाजूला जावं लागतं, आणि मी गेलो की मागे माळ्यावर बसायला दुसरं कुणी नसतं.

आपला नम्र,
जोयडा तालुक्यातला एक शेतकरी
(उतारा अजून आजोबांच्या नावावर)